आधी वैरण, मग मेंढरं

स्कॉटलंडच्या पश्चिमेला हेब्रिडीज आणि उत्तरेला ऑर्कनी व शेटलंड ही बेटं आहेत. तिथे कुळाच्या वहिवाटीत असलेल्या जमिनीच्या लहान तुकड्याला क्रॉफ्ट म्हणतात आणि तो कसणाऱ्याला क्रॉफ्टर. क्रॉफ्ट सरासरी 5 हेक्टरांचा, म्हणजे साधारण 12 एकरांचा असतो. काही अगदी परसाएवढे असतात, तर काही 50 हेक्टरांच्याही पुढे जातात. बेटं आणि समोरची मुख्य भूमी मिळून असे 20,000 हून अधिक क्रॉफ्ट आहेत. एवढ्याशा जमिनीवर कुटुंबाचं सगळं भागत नाही आणि ते भागावं अशी ही व्यवस्था कधी नव्हतीच. क्रॉफ्टर मासे पकडतो, शाळेत शिकवतो, टपालाची गाडी चालवतो, हेब्रिडीजमधल्या लुईस आणि हॅरिसवर घरच्या मागावर ट्वीड विणतो आणि त्याच्या जोडीने वीस-पंचवीस मेंढ्या, दोन-चार गाई, थोड्या कोंबड्या सांभाळतो. शहर सोडून इथे जनावरं पाळायला येऊ पाहणाऱ्याने हे सगळ्यात आधी ओळखायचं असतं. जनावरांवरच पोट भरेल असा हिशेब धरून आलेलं कुटुंब फार काळ टिकत नाही. बेटावर चालेल असा दुसरा धंदा किंवा नोकरी ही तयारीतली पहिली बाब आहे.

दुसरी बाब घराची. बेटांवर वर्षभर राहण्याजोगी घरं कमी आहेत आणि पर्यटकांसाठी राखून ठेवलेली बरीच. 2021 मध्ये स्कॉटिश सरकारने बेटांवर येणाऱ्या किंवा तिथेच टिकून राहणाऱ्या 100 कुटुंबांना प्रत्येकी 50,000 पौंडांपर्यंत मदत देण्याची कल्पना मांडली होती. बेटांवरच्या लोकांशी चर्चा झाल्यावर 2022 मध्ये ती सोडून देण्यात आली. घरं, बोटसेवा आणि रोजगार यांची घडी बसल्याशिवाय एकरकमी पैशाने माणूस टिकणार नाही, हे त्या चर्चेत पुढे आलं. नव्याने येणाऱ्यानेही तोच क्रम मनाशी धरलेला बरा. घर आणि उत्पन्न ठरल्याशिवाय मेंढीचा विचारही करू नये.

जमीन मिळवणं हा यापुढचा, आणि अनेकांच्या बाबतीत सर्वांत लांबणारा टप्पा. तो समजायला थोडा इतिहास लागतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जमीनदारांनी हायलँड या डोंगराळ मुलखातल्या आणि बेटांवरच्या कुळांना हुसकावून त्या जागी मेंढ्यांचे मोठे कळप आणले. गावंच्या गावं ओस पडली. उरलेल्यांना किनाऱ्यावरच्या नापीक पट्ट्यांत ढकललं गेलं आणि आजचे कितीतरी क्रॉफ्ट त्याच पट्ट्यांत आहेत. 1882 मध्ये स्काय बेटावरच्या ब्रेस इथे कुळं आणि पोलीस यांच्यात चकमक झाली. पुढच्या वर्षी चौकशीसाठी नेपियर आयोग नेमला गेला आणि 1886 च्या कायद्याने क्रॉफ्टरला जमिनीवरून न हटवण्याची हमी, वाजवी खंड, केलेल्या सुधारणांची भरपाई आणि वहिवाट वारसाकडे सोपवण्याचा हक्क दिला. आपल्याकडच्या 1948 च्या कूळकायद्याची आठवण ज्यांच्या घरात आहे, त्यांना या हमीचं मोल वेगळं सांगायला नको. 1976 पासून क्रॉफ्टरला शेतजमीन वर्षाच्या खंडाच्या 15 पट किमतीला विकत घेण्याचाही हक्क आहे.

हक्कांसोबत कर्तव्यंही येतात. क्रॉफ्टरने क्रॉफ्टपासून 32 किलोमीटरच्या आत राहिलं पाहिजे, जमीन कसली पाहिजे किंवा तिचा दुसरा काही उपयुक्त वापर केला पाहिजे आणि ती पडीक टाकता कामा नये. जमीन विकत घेणाऱ्यालाही हे बंधन सुटत नाही. वहिवाट एकाकडून दुसऱ्याकडे जायची तर क्रॉफ्टिंग कमिशनची संमती लागते आणि नवा माणूस जमिनीचं काय करणार, हे कमिशन विचारतं. खंड अगदी थोडा असला तरी वहिवाट सोडणारा तिची किंमत मागतो आणि चांगल्या देखाव्याच्या जागी ती बरीच चढते. अशा व्यवहारात कमिशनच्या नोंदवहीतला उतारा, हद्दीचा नकाशा, वाटेचा हक्क, पाण्याचा स्रोत आणि घराखालची जमीन क्रॉफ्टमधून वेगळी काढली आहे की नाही, एवढं तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. घराची खरेदी आणि क्रॉफ्टची वहिवाट हे दोन वेगळे व्यवहार आहेत. घर घेतलं म्हणजे क्रॉफ्टही आला असं समजणारे पुढे अडचणीत येतात.

क्रॉफ्टच्या बांधाबाहेर गायरान असतं. क्रॉफ्टिंगच्या मुलखात 1,000 हून अधिक सामाईक कुरणं आहेत आणि त्यांचं क्षेत्र 5 लाख हेक्टरांच्या वर जातं. त्यावर कुणाची किती जनावरं चरतील हे ठरलेलं असतं. प्रत्येक क्रॉफ्टच्या वाट्याला इतक्या गाई, इतक्या मेंढ्या असा आकडा येतो आणि एका गाईऐवजी किती मेंढ्या सोडता येतील हेही बांधून दिलेलं असतं. गावातले हिस्सेदार दर तीन वर्षांनी कुरणसमिती निवडतात. मेंढ्या डोंगरावरून केव्हा खाली आणायच्या, कुंपणाची डागडुजी कुणी करायची, मेंढे कुठल्या तारखेपर्यंत गायरानात सोडायचे नाहीत, हे ती ठरवते. नवख्याने आपला वाटा किती आहे आणि तो सध्या कोण वापरतो, याची चौकशी येण्याआधीच करायची असते. वर्षानुवर्षं शेजाऱ्याच्या मेंढ्या ज्या कुरणावर चरत आल्या आहेत तिथे कागद दाखवून हक्क सांगितला, तर पुढची वीस वर्षं अवघड जातात. सबुरीने बोलून घेतलं तर तोच शेजारी मेंढ्या गोळा करायला आपला कुत्रा घेऊन येतो.

आता माती. हेब्रिडीजच्या यूइस्ट बेटांवर दोन-तीन मैलांच्या आत जमीन पार बदलते. पश्चिमेच्या किनाऱ्याला शिंपल्यांच्या चुऱ्याची पांढरी वाळू वाऱ्याने आत येऊन तयार झालेला सपाट गवताळ पट्टा आहे. गेलिक भाषेत त्याला माखर म्हणतात. ती जमीन चुनखडीयुक्त, निचऱ्याची आणि उन्हाळ्यात फुलांनी भरलेली असते. तिथे ओट आणि राय पेरतात आणि वादळानंतर किनाऱ्याला लागलेलं समुद्री शेवाळ खत म्हणून पसरतात. पूर्वेकडे सरकलं की काळी, आंबट, पाणथळ पीटची जमीन लागते. देखणी माखर जनावरांना सगळं देत नाही. तिच्या गवतात कोबाल्ट आणि तांबं कमी असतं. कोबाल्ट मिळालं नाही तर मेंढीच्या पोटात बी-12 जीवनसत्त्व तयार होत नाही आणि समोर हिरवं गवत असताना कोकरं खंगत जातात. जुने मेंढपाळ म्हणूनच कळप ठरावीक काळाने माखरवरून डोंगरावर हलवत. खनिजांच्या कमतरतेचा शोध लागण्याआधीच त्यांना तो उपाय सापडलेला होता. आज कोबाल्टची मात्रा पाजता येते, पण ती लागते का हे माती आणि जनावराचं रक्त तपासून ठरवतात. तांब्याच्या बाबतीत अंदाजाने काही देणं फार धोक्याचं असतं. गाईला तांबं कमी पडतं म्हणून आणलेलं खाद्य मेंढीने खाल्लं तर विषबाधा होऊन ती मरू शकते.

पीटच्या ओल्या जमिनीत दुसरं संकट असतं. चिखलात राहणाऱ्या एका चिमुकल्या गोगलगाईच्या शरीरात यकृतकृमी वाढतो आणि गवतावाटे मेंढीच्या पोटात जातो. शरदातल्या ओल्या महिन्यांत त्याचा हल्ला सर्वांत जोरात असतो. दलदलीच्या जागा कुंपण घालून बंद करणं, निचरा काढणं आणि पशुवैद्याच्या सल्ल्याने योग्य वेळी योग्य जंतनाशक देणं, एवढंच हाती असतं.

या सगळ्या तयारीचा कणा मात्र हिवाळ्याचा हिशेब हाच आहे. लुईसवरच्या स्टोर्नोवेला वर्षाला सुमारे 1,200 मिलिमीटर पाऊस पडतो. महाराष्ट्रात तो चार महिन्यांत उरकला असता, तिथे बाराही महिने थोडाथोडा पडत राहतो. बर्फ फार नसतो, पण वारा आणि ओल यांचा मारा अखंड असतो. शेटलंडमध्ये डिसेंबरच्या मध्यावर दिवस सहा तासांचाही नसतो. ऑक्टोबर सरला की गवताची वाढ थांबते आणि एप्रिल संपेपर्यंत ते पुन्हा नेटाने वाढत नाही. 500 किलो वजनाची गाय दिवसाला साधारण 10 किलो कोरडा चारा खाते. असे 180 दिवस धरले तर एका गाईला 1,800 किलो चारा हवा, आणि वसंत उशिरा आला तर त्याहून जास्त. एवढी वैरण क्रॉफ्टवर पिकत नसेल तर ती बोटीने येते आणि प्रत्येक गासडीवर मालवाहतुकीचा खर्च चढतो. वादळात बोट चार-चार दिवस सुटत नाही. संपत आलेली वैरण आणि बंद पडलेली बोट हे दोन्ही फेब्रुवारीत एकदम वाट्याला येऊ शकतं, म्हणून मुरलेला क्रॉफ्टर लागेल त्याहून काही आठवड्यांची वैरण जास्तच ठेवतो.

गवत वाळवायला सलग कोरडे दिवस लागतात आणि तेच बेटावर दुर्मीळ. त्यामुळे बहुतेक जण अर्धवट सुकलेलं गवत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मुरघास करतात. कापणीच्या गवतात कॉर्नक्रेक हा लाजरा पक्षी घरटी करतो. त्याची पिल्लं निसटावीत म्हणून अनेक क्रॉफ्टर कापणी उशिरा करतात आणि शेताच्या मध्यापासून बाहेरच्या बाजूला कापत जातात. ब्रिटनमध्ये इतरत्र जवळजवळ नाहीसा झालेला हा पक्षी या बेटांवर टिकून आहे, त्याचं बरंचसं श्रेय या पद्धतीला जातं.

हिवाळ्याचा हिशेब कुणीच केला नाही तर काय होतं, हे सेंट किल्डावर दिसतं. हेब्रिडीजच्याही पश्चिमेला असलेल्या या बेटावरचे शेवटचे 36 रहिवासी स्वतःच्या विनंतीवरून 29 ऑगस्ट 1930 रोजी बेट सोडून गेले. 1932 मध्ये शेजारच्या सोए बेटावरून 107 मेंढ्या तिथे आणून सोडल्या. तेव्हापासून त्या मोकाट आहेत. त्यांना कुणी चारा घालत नाही की बाजारात नेत नाही. त्यांची संख्या कधी 2,000 च्या वर जाते आणि मग एखाद्या कडक हिवाळ्याच्या अखेरीस निम्म्याहून अधिक मेंढ्या उपासमारीने मरतात. शास्त्रज्ञ 1985 पासून एकेका मेंढीची नोंद ठेवून याचा अभ्यास करत आहेत. बेटावरचं गवत जेवढ्यांना जगवतं तेवढ्याच शिल्लक राहतात. क्रॉफ्टरचं काम तोच आकडा शरद ऋतूतच ओळखून जास्तीची जनावरं वेळेत विकणं हे आहे.

आकडा ठरला की जात निवडायची. बेटावर लहान, काटक, कमी खाऊन तगणाऱ्या जाती आहेत. काळी हेब्रिडियन मेंढी जेमतेम 40 किलोची, दोन किंवा चार शिंगांची. शेटलंड मेंढीची लोकर तलम. लांब केसांच्या दुहेरी आवरणाची हायलँड गाय उघड्यावर हिवाळा काढते. मोठ्या शरीराच्या मेंढ्यांच्या कोकरांना बाजारात भाव चांगला येतो, पण त्यांना वैरण आणि आडोसा जास्त लागतो. स्थानिक जातींचं खरं बळ ऑर्कनीतल्या नॉर्थ रोनाल्डसे बेटावर पाहावं. तिथे 1832 मध्ये बेटाभोवती सुमारे 20 किलोमीटरची दगडी भिंत बांधली, ती मेंढ्यांना आतल्या शेतांत येऊ न देण्यासाठी. मेंढ्या भिंतीबाहेर, समुद्राच्या बाजूला राहतात, ओहोटीची वेळ साधून शेवाळ खातात आणि भरतीला रवंथ करत बसतात. शेवाळात तांबं फारच कमी असल्याने त्यांचं शरीर मिळेल तेवढं तांबं शोषून घ्यायला शिकलं आहे. त्यामुळे साध्या कुरणावर नेलेल्या या मेंढ्यांना तांब्याची बाधा इतरांपेक्षा लवकर होते. विण्याच्या हंगामात मात्र त्यांना आतल्या गवतावर घेतात. वादळात भिंत कोसळली की ती हाताने, दगडावर दगड बसवून पुन्हा उभी करावी लागते, आणि बेटावर माणसं कमी होत गेल्याने हे काम दरवर्षी जड जातं.

जनावर आणण्याआधी कुंपण, पाणी आणि आडोसा तयार हवा. शेटलंडच्या वाऱ्यात कोंबड्यांची खुराडी जमिनीला जखडून ठेवावी लागतात. झाडं नसल्यामुळे दगडी बांध, घळी किंवा जुन्या घराच्या पडक्या भिंती हाच मेंढ्यांचा आसरा. बाह्य हेब्रिडीज, ऑर्कनी आणि शेटलंडवर कोल्हा नाही, ही मोठी सोय आहे. कोकरांना भय असतं ते डोमकावळे, मोठे समुद्री कुरव आणि काही भागांत समुद्री गरुड यांचं.

कागदपत्रंही आधीच लागतात. जिथे जनावर ठेवायचं त्या जागेचा नोंदणी क्रमांक आणि कळपाचा क्रमांक मिळाल्याशिवाय एक मेंढीही आणता येत नाही. वासराच्या दोन्ही कानांत 20 दिवसांच्या आत बिल्ले मारावे लागतात. मेंढीला दोन खुणा लागतात आणि त्यांतली एक इलेक्ट्रॉनिक असते. प्रत्येक ने-आण आणि प्रत्येक औषध वहीत उतरतं. बाहेरून गाय किंवा मेंढी आली की काही अपवाद सोडता पुढचे 13 दिवस तिथून जनावर हलवता येत नाही. डुकरांच्या बाबतीत ही मुदत 20 दिवसांची आहे. 1 सप्टेंबर 2024 पासून स्कॉटलंडमध्ये एक कोंबडी पाळणाऱ्यालाही नोंदणी सक्तीची झाली. हा जाच वाटला तरी साथीचा रोग पसरला की कुठलं जनावर कुठून कुठे गेलं, हे याच नोंदींवरून कळतं.

बेटाला समुद्राचं संरक्षण असतं, ते एका चुकीने जातं. साउथ यूइस्टवर 1974 मध्ये बागेतल्या गोगलगाई खाव्यात म्हणून थोडे हेजहॉग आणून सोडले. ते फोफावले आणि माखरवर घरटी करणाऱ्या पाणपक्ष्यांची अंडी खाऊ लागले. उलट कोलोन्से बेटावर काळ्या स्थानिक मधमाशीची जात शुद्ध राहावी म्हणून 2013 च्या आदेशाने दुसरी मधमाशी आणायला बंदी केली. नवा कळप आणताना विक्रेत्याकडून खरूज, खुरांचे रोग आणि गर्भपाताचे रोग यांबद्दल विचारून घ्यावं आणि आलेली जनावरं काही आठवडे वेगळी ठेवावीत. शेजाऱ्याच्या कळपात रोग नेणारा माणूस गावाच्या लक्षात राहतो.

पुस्तकातून न शिकता येणारं काम म्हणजे मेंढ्यांचं विणं. त्यासाठी कळप घेण्याआधीचा एक पूर्ण वसंत कुणा जाणत्याच्या हाताखाली घालवावा. याला पर्याय नाही. मेंढी 147 दिवसांच्या आसपास गाभण असते. एप्रिलच्या उत्तरार्धात, गवत फुटताना कोकरं यावीत म्हणून मेंढा नोव्हेंबरच्या अखेरीस कळपात सोडतात. जन्मल्याबरोबर कोकराला चीक मिळाला पाहिजे, पहिल्याच वेळी किलोमागे 50 मिलिलिटर आणि पहिल्या दिवसात किलोमागे 200. म्हणजे 4 किलोच्या कोकराला दिवसभरात 800 मिलिलिटर. रोगाशी लढायची ताकद आणि अंगातली ऊब दोन्ही त्यातूनच येतात. गारठलेल्या कोकराचं तापमान आधी थर्मामीटरने बघतात. ते 37 अंशांच्या खाली असेल आणि कोकरू पाच तासांहून मोठं असेल, तर शेकण्याआधी पोटात ग्लुकोजचं इंजेक्शन द्यावं लागतं. नाहीतर उरलीसुरली साखर शेकण्यातच संपते आणि झटके येऊन ते मरतं. दयेपोटी चुलीपाशी नेलेली कितीतरी कोकरं अशी गेली आहेत. घरात गर्भवती बाई असेल तर तिने विणाऱ्या मेंढ्यांपासून आणि त्यांच्यात काम करणाऱ्यांच्या कपड्यांपासूनही दूर राहावं. मेंढीच्या गर्भपाताचे काही जंतू माणसालाही धोकादायक असतात.

पशुवैद्य बहुधा दुसऱ्या बेटावर असतो. दुर्गम भागातल्या क्रॉफ्टरांच्या जनावरांसाठी त्याच्या फेऱ्यांचा खर्च कमी राहावा अशी सरकारी योजना आहे, पण मध्यरात्री बोट नसते. म्हणून अडलेलं कोकरू सोडवणं, नळीने चीक पाजणं, इंजेक्शन देणं आणि वाचणार नाही अशा जनावराचा त्रास संपवणं, एवढं तरी स्वतःला यावं लागतं. मेलेलं जनावर पुरायला ब्रिटनमध्ये सहसा परवानगी नसते. हायलँड आणि बेटांच्या दुर्गम भागांना त्यातून सूट आहे. स्वतःचं जनावर स्वतःच्या घरच्या जेवणासाठी कापता येतं, पण ते मांस विकता येत नाही. विकायचं तर कत्तलखाना लागतो आणि तोही दरेक बेटावर नसतो. बोटभाडं धरून हिशेब केला तर थोड्या मेंढ्यांचं मांस विकणं बहुतेक वेळा आतबट्ट्याचं ठरतं.

म्हणून बेटावरचा खरा बाजार शरदात भरतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लॉखमॅडी, लॉखबोइस्डेल, स्टोर्नोवे अशा ठिकाणी कोकरं आणि वासरं लिलावात विकली जातात आणि बोटीने मुख्य भूमीवर जातात. तिथले शेतकरी त्यांना चारून पुष्ट करतात. त्याआधी गावाचे सगळे कळप डोंगरावरून उतरवून दगडी कोंडवाड्यात आणतात. कुत्रे, मुलं, म्हातारे सगळे हजर असतात आणि नव्या माणसाला शेजारी खऱ्या अर्थाने इथे ओळखतात. कोंडवाड्यातच प्रत्येक मेंढीचे दात आणि कास तपासतात. दात झिजलेली, कास बिघडलेली मेंढी विकायला निघते आणि उरलेल्यांची संख्या मुरघासाच्या गासड्यांशी ताडून पाहतात. पहिल्या वर्षी दहा-बारा मेंढ्यांनी सुरुवात करणाऱ्याला हे मोजणं सोपं जातं. पुढच्या वर्षी गासड्या उरल्या तर दोन मेंढ्या वाढतात, संपल्या तर दोन कमी होतात.